लष्करातील जुन्या घरात दुसरा राउटर लावून वाय-फाय कसे वाढवावे

दौलतराव शिंदे यांची छावणी १८१० मध्ये ग्वाल्हेरला स्थिरावली आणि तिचीच पुढे लष्कर नावाची वस्ती झाली. चिटणीस की गोठ, दानाओली, जनकगंज या भागांत मराठी कुटुंबांची जी जुनी घरे आजही नांदती आहेत, त्यांच्या भिंती दगडाच्या आणि हात-दीड हात जाडीच्या, छत दगडी पटियांचे आणि मध्ये मोकळा चौक, अशी सर्वसाधारण रचना दिसते. उन्हाळ्यात ही घरे गार राहतात, परंतु वाय-फायच्या लहरी त्याच भिंतींत अडकतात. फायबरची जोडणी देणारा कर्मचारी आपले खोके, म्हणजे राउटर, बहुधा दारालगतच्या बैठकीत लावून जातो आणि मग माजघरात रेंज अर्धी, तर माडीवर मुळीच नाही, अशी तक्रार सुरू होते. थाटीपूर किंवा सिटी सेंटरकडच्या काँक्रीटच्या घरांतही पहिला मजला ओलांडला की थोड्याफार फरकाने हाच अनुभव येतो.

कंपनीकडून अधिक वेगाचा प्लॅन घेतल्याने ही अडचण सुटत नाही, कारण घरापर्यंत येणारा वेग आणि घरात पसरणारी रेंज या दोन स्वतंत्र बाबी आहेत. दुसरा राउटर केबलने जोडणे हा यावरचा खात्रीचा उपाय आहे. आमच्या घरी हे काम करताना निरनिराळ्या दुकानदारांकडून आणि ओळखीच्यांकडून इतके परस्परविरोधी सल्ले मिळाले, की सगळा क्रम एकदा नीट लिहून काढावा असे वाटले.

१. खरेदीच्या आधी रेंज मोजा

अँड्रॉइड फोनवर वाय-फायची ताकद दाखवणारी मोफत ॲप मिळतात. त्यांतील आकडा डीबीएम या एककात आणि ऋण चिन्हासह येतो. तो शून्याच्या जितका जवळ, तितकी रेंज चांगली. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल सुरळीत चालतो, आणि उणे ८० च्या पलीकडे जोडणी तुटत राहते. प्रत्येक खोलीत जेथे माणसे प्रत्यक्ष बसतात तेथे उभे राहून आकडा टिपून ठेवावा. खोलीच्या मधोमध मोजलेला आकडा आणि पलंगावर पडून मोजलेला आकडा यांत बराच फरक असू शकतो.

हे मोजताना आडवे काय येते तेही पाहावे. धातूचे पत्रे लहरी परतवतात आणि पाणी त्या शोषून घेते. आपल्याकडे मार्चपासून खिडकीत बसणारा पत्र्याचा कूलर या दोन्ही गोष्टी एकत्र घेऊन उभा असतो, त्यामुळे हिवाळ्यात चौकातून खिडकीवाटे आत येणारी रेंज उन्हाळ्यात नाहीशी झाली, तर राउटरला दोष देण्याआधी कूलरकडे पाहावे. लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी यांचेही असेच आहे.

त्यानंतर पहिलाच राउटर हलवता येतो का, ते पाहावे. टीव्हीच्या मागे किंवा कपाटात ठेवलेला राउटर बाहेर काढून छातीच्या उंचीवर आणि शक्यतो चौकाकडे उघडणाऱ्या दाराजवळ ठेवला, तर एवढ्यानेच काही घरांत काम भागते. फायबरची तार मात्र स्वतः ओढू नये. ती आत काचेची असते आणि तीव्र वळणाने निकामी होते. खोके हलवायचे असल्यास कंपनीच्या माणसाला बोलवावे.

२. केबल, रिपीटर की मेश

दुकानात गेल्यावर सर्वांत आधी हाती दिला जातो तो भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचा रिपीटर. तो पहिल्या राउटरची लहर पकडून पुढे पाठवतो. स्वस्तातला, एकाच बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) चालणारा रिपीटर ऐकण्याचे आणि बोलण्याचे काम एकाच चॅनेलवर आळीपाळीने करतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. त्यातही पुष्कळ जण तो रेंज नसलेल्या खोलीतच लावतात. जेथे त्यालाच काही ऐकू येत नाही, तेथून तो पुढे काय पाठवणार? रिपीटर लावायचाच असेल, तर वाटेत जेथे रेंज अजून उणे ६५ च्या आसपास आहे तेथे लावावा. भाड्याच्या घरात, जेथे मालक भिंतीला हात लावू देत नाहीत, तेथे हा पर्याय चालण्यासारखा आहे.

मेश संच, म्हणजे घरभर ठेवायची आणि मिळून एकच वाय-फाय देणारी दोन-तीन खोकी, चांगले असतात, परंतु त्यांचे खोके एकमेकांशी बिनतारी बोलत असतील, तर जाड दगडी भिंत त्यांनाही सारखीच आडवी येते. विजेच्या तारांतूनच इंटरनेट नेणारे ॲडॅप्टर जुन्या, ठिकठिकाणी जोड दिलेल्या वायरिंगवर बेभरवशाचे ठरतात. म्हणून शक्य असेल तेथे केबल ओढावी, असे माझे स्पष्ट मत आहे. एकदाचा त्रास होतो, पण नंतर त्याकडे पाहावे लागत नाही.

३. जमवून ठेवायच्या वस्तू आणि माहिती

- दुसरा राउटर. घरात पडून असलेला जुनाही चालतो, अगदी टेलिफोनच्या तारेवर चालणाऱ्या ब्रॉडबँडच्या काळातलाही, फक्त त्याला लॅनची पोर्टे (घरातली उपकरणे केबलने जोडायच्या खोबणी) हवीत. नवा घेत असल्यास दोन्ही बँडचा (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ), गिगाबिट (१००० एमबीपीएसच्या) पोर्टांचा आणि खोक्यावर ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ (फक्त वाय-फाय पसरवण्याची सोय) असा उल्लेख असलेला घ्यावा.
- कॅट ५ई किंवा कॅट ६ प्रतीची केबल, मोजलेल्या अंतरापेक्षा दोन-तीन मीटर अधिक.
- आरजे ४५ प्लग (चार-सहा जास्तीचे), क्रिम्पिंगचा पाना आणि केबल टेस्टर. पाना आणि टेस्टर एखाद्या ओळखीच्या केबलवाल्याकडून तासाभरासाठी मागून आणले तरी पुरे.
- पहिल्या राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलाचा फोटो. त्यावर सेटिंगच्या पानाचा पत्ता, वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड असतो.
- सध्याच्या वाय-फायचे नाव आणि पासवर्ड, कॅपिटल-स्मॉल अक्षरांसह अचूक लिहून घेतलेले.
- जमल्यास लॅपटॉप. फोनवरही काम होते, पण लॅपटॉपवर चुकण्याची शक्यता कमी.

केबल घेताना एक सावधगिरी बाळगावी. स्वस्त केबलींत पुष्कळदा तांब्याचा फक्त मुलामा असतो आणि आत ॲल्युमिनियम असते. खोक्यावर किंवा केबलच्या अंगावर ‘सीसीए’ अशी अक्षरे दिसली, तर ती हीच. अक्षरे नसतील, तर एक तार ब्लेडने हलकेच खरवडून पाहावी. आत पांढरट चमकले तर केबल परत करावी. दुकानदाराला ‘पूरा कॉपर वाला’ असे सांगितले की तो काय ते समजतो. चांगल्या केबलच्या वेष्टनावर दर मीटरला आकडे छापलेले असतात. दोन्ही टोकांचे आकडे वाचून वजाबाकी केली की दिलेली लांबी दुकानातच कळते.

४. केबल ओढणे

या प्रकारची केबल १०० मीटरपर्यंत पूर्ण वेग देते, म्हणजे मोठ्यात मोठ्या वाड्यातही लांबीची चिंता करू नये. चिंता करायची ती मार्गाची.

भिंतीला भोक पाडण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा. जुन्या घरात रोशनदाने, चौकटीच्या कडेच्या फटी आणि बंद पडलेल्या टेलिफोनच्या तारेची वाट यांपैकी काही ना काही सापडतेच, आणि बैठकीतून रोशनदानावाटे चौकात, चौकाच्या कडेने माडीच्या गॅलरीपर्यंत, असा मार्ग बहुधा निघतो. प्लग न बसवलेली नुसती केबल आधी ओढावी आणि प्लग नंतर जागेवर बसवावेत. म्हणजे वाट बारीक असली तरी चालते. भोक पाडणे भागच असेल, तर ते बाहेरच्या बाजूला किंचित उतरते ठेवावे आणि आत शिरण्यापूर्वी केबलला खाली लोंबता वळसा द्यावा. त्यामुळे पावसाचे पाणी केबलवरून ओघळत आत न येता वळशाच्या तळाशी ठिबकते.

विजेच्या तारांच्या पाइपातून ही केबल कदापि नेऊ नये. त्यात व्यत्ययापेक्षा धोका मोठा आहे, कारण कोठे आवरण सोलले गेले तर २३० व्होल्ट थेट राउटरमध्ये आणि तेथून हात लावणाऱ्यापर्यंत येऊ शकतात. समांतर नेताना वीतभर अंतर ठेवावे आणि ओलांडायचे असल्यास काटकोनात ओलांडावे.

उघड्यावरचा भाग पीव्हीसी पाइपात घालावा. घरात वापरायच्या केबलचे वेष्टन उन्हाने काही वर्षांत तडकते, आणि गच्चीवर माकडांची ये-जा असेल तर त्यांच्या हाताला लोंबती केबल लागू न देणेच शहाणपणाचे. गच्चीवरून उघडी केबल नेण्याचे शक्यतो टाळावे. जवळपास वीज पडली, तर तांब्याच्या लांब तारेत दाब निर्माण होऊन दोन्ही टोकांची पोर्टे जळू शकतात. आषाढातल्या गडगडाटात प्लग काढून ठेवणारी घरे उगाच तसे करत नाहीत.

५. प्लग बसवणे

हे काम एखाद्या कारागिराकडून करून घेता येते, परंतु ते स्वतः येत असलेले बरे. केबलचे वेष्टन दीड इंच सोलावे. आत आठ तारा चार जोड्यांत पिळलेल्या दिसतील. पीळ सोडवून त्या डावीकडून उजवीकडे अशा लावाव्यात: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. निळीची जोडी हिरवीच्या दोन तारांच्या मधे येते, आणि नवशिक्याचा गोंधळ नेमका येथे होतो. तारा चिमटीत दाबून सपाट कराव्यात आणि अर्ध्या इंचावर एका रेषेत कापाव्यात. प्लगची पट्टी खाली आणि सोनेरी दाते वर, असा धरून तारा आत सारायच्या. त्या समोरच्या टोकाला टेकल्या आहेत आणि बाहेरचे वेष्टनही प्लगच्या आत शिरले आहे, हे प्रकाशात धरून पाहावे आणि मगच पाना दाबावा. वेष्टन बाहेर राहिलेला प्लग चार-सहा महिन्यांत सैल होतो.

दोन्ही टोकांना हाच क्रम ठेवावा. टेस्टरवर एक ते आठ दिवे दोन्हीकडे क्रमाने लागले, की केबल तयार. निळी किंवा तपकिरी जोडी लागली नसेल, तरी इंटरनेट चालते, पण १०० एमबीपीएसवर अडकते. प्लॅन २०० चा असून माडीवर ९५ च्या पुढे वेग जात नसेल, तर आधी येथे शोधावे. पोर्टांकडेही पाहावे, कारण कंपन्यांच्या काही स्वस्त खोक्यांत एक पोर्ट गिगाबिटचे आणि दुसरे १०० चे असते.

६. दुसऱ्या राउटरची सेटिंग

सर्व गोंधळाचे मूळ येथे आहे, म्हणून हा भाग सावकाश वाचावा. घरातल्या प्रत्येक उपकरणाला एक आयपी पत्ता लागतो आणि तो वाटण्याचे काम राउटरमधील डीएचसीपी नावाची व्यवस्था करते. दुसरा राउटर जसा आणला तसाच जोडला, तर तोही पत्ते वाटू लागतो. घरात दोन कारभारी एकाच वेळी हुकूम सोडू लागले की जे होते, तेच मग होते: कधी फोन चालतो, कधी चालत नाही, प्रिंटर बैठकीतून दिसतो आणि माडीवरून दिसत नाही. पत्ते वाटणारा राउटर एकच असावा आणि दुसऱ्याने फक्त लहरी पसरवाव्यात, एवढे धोरण ठेवले की पुढचे सगळे सरळ होते.

ही सेटिंग दुसरा राउटर पहिल्याला जोडण्यापूर्वी करायची आहे. राउटर चालू करून रिसेटचे बारीक छिद्र टाचणीने दहा सेकंद दाबावे, म्हणजे आधीच्या खुणा पुसल्या जातात. हे फक्त दुसऱ्या राउटरवर करावे. कंपनीने दिलेले खोके चुकूनही रिसेट करू नये. त्यात साठवलेले लॉगिन पुसले गेले, तर कंपनीचा माणूस येईपर्यंत घरभर इंटरनेट बंद राहते.

आता लॅपटॉप केबलने दुसऱ्या राउटरच्या लॅन पोर्टात जोडावा. फोन वापरत असल्यास त्याचा मोबाइल डेटा बंद करावा, नाहीतर या वाय-फायला इंटरनेट नाही असे पाहून फोन परस्पर डेटावर जातो आणि सेटिंगचे पान उघडतच नाही. ब्राउझरमध्ये राउटरच्या लेबलावरचा पत्ता टाकावा. तो बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अंक वापरायचे.

*ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर.* ‘ऑपरेशन मोड’ किंवा ‘सिस्टिम’ अशा पानावर जाऊन ‘ॲक्सेस पॉइंट’ निवडावे आणि सेव्ह करावे. राउटर पुन्हा सुरू होतो आणि डीएचसीपी आपोआप बंद होते. पहिल्या राउटरच्या लॅन पोर्टातून आलेली केबल पुस्तिकेत सांगितलेल्या पोर्टात लावावी. पुष्कळ मॉडेलांत ते वॅनचे, म्हणजे एरवी बाहेरचे इंटरनेट आत घेणारे, असते.

*असा मोड नसेल तर.* क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम पहिल्या राउटरच्या वाय-फायला जोडून त्याच्या पानावर डीएचसीपी कोणत्या आकड्यापासून कोणत्या आकड्यापर्यंत पत्ते वाटते, ते पाहावे. पत्त्याच्या शेवटच्या आकड्यात ती सुरुवात २ पासून असेल, तर ती बदलून २० पासून करावी, म्हणजे २ ते १९ हे पत्ते मोकळे राहतील. मग दुसऱ्या राउटरच्या ‘लॅन’ पानावर त्याचा पत्ता बदलावा, पहिला १९२.१६८.१.१ असेल, तर दुसऱ्याला १९२.१६८.१.२ द्यावा. सेव्ह करताच पान तुटते आणि ते नव्या पत्त्यावर पुन्हा उघडावे लागते. त्यानंतर वाय-फायचे नाव आणि पासवर्ड भरावा आणि डीएचसीपी अगदी शेवटी बंद करावी, कारण ती बंद झाल्यावर लॅपटॉपला पत्ता देणारे कोणी उरत नाही आणि पहिल्या राउटरला जोडेपर्यंत ते पान उघडत नाही. अशा राउटरची वॅन किंवा डीएसएल (टेलिफोनच्या तारेची) पोर्टे रिकामी ठेवून केबल लॅनमधून लॅनमध्येच लावावी. सवयीने ती वॅनमध्ये लावली, की घरात दोन वेगळी जाळी तयार होतात. इंटरनेट चालत राहते, म्हणून हा दोष कित्येक महिने लक्षात येत नाही. माडीवरून टीव्हीवर काही पाठवायला गेले, की टीव्ही सापडत नाही.

एक गोष्ट दोन्ही प्रकारांत करावी: सेटिंगच्या पानाचा मूळ पासवर्ड बदलावा आणि डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता जोडण्याची सोय) बंद करावे. नवा पासवर्ड राउटरच्या खालीच कागदाच्या चिठ्ठीवर चिकटवला, तरी घरापुरते हरकत नाही.

७. नाव, पासवर्ड आणि चॅनेल

चाचणी होईपर्यंत दुसऱ्या राउटरच्या वाय-फायला वेगळे नाव द्यावे, म्हणजे आपण कोणाला जोडले आहोत हे निश्चित कळते. सर्व ठीक दिसले, की नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार हे तिन्ही पहिल्यासारखेच करावे. यांतले एकही वेगळे असेल, तर माडीवर चढताना फोन आपोआप दुसऱ्या राउटरवर जाणार नाही. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२-एईएस निवडावे. टीकेआयपी हा जुना प्रकार निवडला, तर वेग ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही.

चॅनेल मात्र वेगवेगळे हवेत. २.४ गिगाहर्ट्झच्या बँडात एकमेकांवर न येणारे चॅनेल तीनच आहेत: १, ६ आणि ११. पहिल्याला १ आणि दुसऱ्याला ६ किंवा ११ द्यावा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. शेजारीपाजारी सगळ्यांचे ४० वर असले, तर गल्लीतल्या सर्वांचाच वेग मंदावतो. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर आहे. एकाला ३६ आणि दुसऱ्याला १४९ दिला की झाले.

८. राउटर कोठे ठेवावा

रिपीटरच्या उलट, केबलने जोडलेला राउटर थेट जेथे रेंज हवी तेथेच ठेवावा. चौकाचा येथे उत्तम उपयोग होतो. माडीच्या गॅलरीच्या दाराजवळ, चौक दिसेल असा ठेवल्यास समोरच्या बाजूच्या खोल्यांनाही दारा-खिडक्यांतून रेंज मिळते. अँटेना उभ्या असताना लहरी आडव्या पसरतात आणि टोकाच्या दिशेने सर्वांत कमी जातात, म्हणून वरच्या मजल्यालाही रेंज हवी असल्यास एक अँटेना आडवी करून पाहावी.

ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याचा विचार मात्र बाहेरचा कोणी सांगणार नाही. बहुतेक घरगुती राउटर ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात, आणि मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा ४५ च्या पुढे जातो. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलेला राउटर दुपारी मंदावणे किंवा अडकणे यात नवल नाही. तो भिंतीवर, हवा खेळेल असा टांगावा; त्याच्यावर सेट-टॉप बॉक्स किंवा देवघरातले वस्त्र ठेवू नये. सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवरचा निवडावा. दोन्ही राउटरांना वीज मिळत असेल तरच भारनियमनात माडीवर इंटरनेट टिकते, हे विसरून पुष्कळ जण फक्त बैठकीतल्या खोक्याची सोय करतात. ॲडॅप्टरांची अदलाबदल होऊ देऊ नये. एक ९ व्होल्टचा आणि दुसरा १२ व्होल्टचा असूनही पिन सारखीच बसते; दोन्हींवर मार्करने खूण करून ठेवावी.

९. तपासणी आणि नंतर येणाऱ्या अडचणी

पहिल्या भागात टिपलेले आकडे समोर ठेवून पुन्हा प्रत्येक खोलीत मोजावे. माडीवर आकडा सुधारला, पण वेग सुधारला नाही, तर फोन अजून खालच्याच राउटरला चिकटून असण्याची शक्यता मोठी. कोणत्या राउटरवर जायचे हे फोन स्वतः ठरवतो, आणि काही जुने फोन क्षीण झालेली रेंजही सोडत नाहीत. फोनचे वाय-फाय एकदा बंद करून चालू करावे. हे वारंवार होत असेल, तर पहिल्या राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झची प्रक्षेपणशक्ती मध्यमवर आणावी, म्हणजे माडीवर त्याचा मोह कमी होतो.

फोन जोडला जातो पण इंटरनेट नाही, असे दिसले तर दोन्हीकडे डीएचसीपी चालू राहिली आहे का, हे प्रथम पाहावे. पाहुण्यांसाठीचे वेगळे वाय-फाय दुसऱ्या राउटरवर सुरू करू नये. ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरताना अनेक स्वस्त राउटर त्या पाहुण्यांना घरच्या जाळ्यापासून वेगळे ठेवत नाहीत.

पुढे कधी इंटरनेटची कंपनी बदलली, तर नव्या खोक्याची पत्त्यांची मालिका वेगळी असू शकते; उदाहरणार्थ, जिओफायबरच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.२९.१ असतो. हाताने १९२.१६८.१.२ दिलेल्या दुसऱ्या राउटरमधून वाय-फाय तरीही चालत राहील, परंतु त्याचे सेटिंगचे पान नेहमीच्या पत्त्यावर उघडणार नाही. अशा वेळी तो रिसेट करून सहाव्या भागातील क्रम नव्या मालिकेनुसार पुन्हा करावा, आणि वाय-फायचे जुने नाव व पासवर्ड नव्या खोक्यावरही तसेच ठेवावेत, म्हणजे घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर पासवर्ड नव्याने टाकत बसावे लागत नाही.